शुद्धिपत्रक आणि पेन्सिलीची दुरुस्ती

काशीत गंगेच्या काठाने पंचगंगा घाटाकडे चालत निघाले, की महाराष्ट्राची खूण पटवणारी नावे एकामागून एक भेटू लागतात. भोसले घाट मागे पडतो, जटार घाट येतो आणि थोडे पुढे पेशवाईच्या काळात उभा राहिलेला बालाजी घाट लागतो. येथील बालाजीच्या मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी लहानपणापासून वर्षानुवर्षे शहनाईचा रियाझ केला. या घाटाच्या परिसरात आणि तेथून दुर्गा घाट, ब्रह्मा घाटापर्यंतच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबे राहत आली आहेत. वडिलांच्या श्राद्धकर्मासाठी मी तेथे गेलो असता अशाच एका गुरुजींच्या घरी उतरलो होतो.

कर्म आटोपल्यावर गुरुजींनी आपला फोन माझ्यापुढे ठेवला. सहा वर्षांचा जुना. काच एका कोपऱ्यात तडकलेली. महाराष्ट्रातील यजमान दक्षिणा याच फोनवर पाठवीत. घरच्या जुन्या वह्यांतील यजमानांच्या वंशावळींची छायाचित्रेही त्यातच साठवलेली. बँकेचे ॲप आता उघडेनासे झाले होते. फोन मात्र ‘आपले सॉफ्टवेअर अद्ययावत आहे’ असे ठासून सांगत होता, आणि त्याखालची तारीख तीन वर्षांपूर्वीची होती. गुरुजींचा पुतण्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. तो म्हणाला, “काका, कंपनीने या फोनावर पाणी सोडलंय. मी यात बाहेरची आवृत्ती घालून देतो, पुन्हा नव्यासारखा चालेल.” गुरुजी माझ्याकडे वळले. “साहेब, तुम्ही सरकारी खात्यातले. शिक्का पाहिल्याशिवाय तुम्ही कागद हातात धरत नाही. तुम्हीच सांगा, घालू देऊ का?”

त्या वेळी मला चटकन उत्तर देता आले नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

एखादी वस्तू आपण विकत घेतो, आणि पुढे तिच्यातला दोष उघडकीस येतो. तो दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा? ती बनवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा, की वापरणाऱ्याचा? माझ्या कचेरीतील अनुभव सांगतो. शासनाच्या एखाद्या आदेशात चूक राहिली, की तिच्यासाठी शुद्धिपत्रक निघते. ते टिपणीतून वर चढते, सह्या होऊन खाली उतरते आणि कधी कधी काही महिन्यांनी तालुक्याला पोहोचते. तोवर तालुक्यातील एखादा जाणता लिपिक आपल्या प्रतीवर पेन्सिलीने योग्य आकडा लिहून मोकळा झालेला असतो. त्याची दुरुस्ती बहुधा बरोबर असते. पण तिच्याखाली सही नसते, आणि एखादे वेळी ती चुकली तर जाब कोणाला विचारायचा हे कोणीच सांगू शकत नाही. स्मार्टफोनच्या गेल्या दीड तपाच्या इतिहासात मला या दोन दुरुस्त्यांचीच स्पर्धा दिसते.

हा इतिहास १ सप्टेंबर, २००८ च्या आसपास सुरू होतो असे म्हणण्यापेक्षा त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू होतो असे म्हणणे अधिक योग्य. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टी-मोबाइल या दूरध्वनी कंपनीने ॲण्ड्रॉइडवर चालणारा पहिला फोन विक्रीस आणला. त्याचे यंत्र एचटीसीचे, आज्ञावली गूगलची आणि ग्राहक टी-मोबाइलचा, असा तो तिघांचा संसार होता. थोड्याच दिवसांत त्यात एक विलक्षण दोष आढळला. कळफलकावर जे काही लिहावे, ते फोनाच्या अंतर्भागात सर्वाधिकार असलेल्या आज्ञेसारखेही वाचले जात असे. मित्राला संदेश लिहिताना कोणी ‘रिबूट’ हा इंग्रजी शब्द स्वतंत्रपणे टंकित केला, तर फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. उत्साही लोकांना या छिद्रातून फोनाच्या गाभ्याची किल्लीच मिळाली. गूगलने लगबगीने दुरुस्ती तयार केली आणि ती ग्राहकांच्या फोनांवर हवेतून उतरू लागली. परंतु काही हौशी मंडळींनी तीच दुरुस्ती उघडून तिच्यात फेरफार केला: दोष तर जावा, पण किल्ली मात्र आपल्या हाती राहावी. अधिकृत दुरुस्ती आणि हातची दुरुस्ती अशी एकाच आठवड्यांच्या अंतराने जन्मली.

हातची दुरुस्ती शक्य झाली ती ॲण्ड्रॉइडचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असल्यामुळे. २००९ मध्ये स्टीव्ह कोंडिक यांनी ‘सायनोजेनमॉड’ नावाची आवृत्ती सुरू केली. तिच्याभोवती जगभरचे स्वयंसेवक जमले. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात गूगलने त्यांना कायदेशीर सूचना धाडली. तिचा रोख मूळ आज्ञावलीवर नव्हता. गूगलची स्वतःची जीमेल, नकाशे यांसारखी जी ॲप्स खुली नव्हती, ती वाटण्यास हरकत होती. कोंडिक यांनी ती ॲप्स वगळली आणि काम चालू ठेवले. अशा बाहेरच्या आवृत्तीला तरुण मंडळी ‘कस्टम रॉम’ म्हणतात.

आता अधिकृत दुरुस्तीचा मार्ग कसा असतो ते पाहू. गूगल नवी आवृत्ती प्रसिद्ध करते. क्वालकॉम, मीडियाटेक यांसारखे चिप बनवणारे ती आपल्या चिपेशी जुळवतात. मग फोनाची कंपनी तिला आपले रूप देते, कॅमेरा, आवाज, बॅटरी तपासते. अमेरिकेसारख्या देशात, जेथे फोन बहुशः दूरध्वनी कंपन्यांमार्फतच विकले जात, तेथे व्हेरायझन किंवा एटी अँड टी यांच्या प्रयोगशाळेतही तिची परीक्षा होते. आपल्या जाळ्यावर आपत्कालीन फोन लागतो की नाही, हे पाहण्याची जबाबदारी त्या कंपन्या स्वतःकडे घेतात. या सर्व चौक्या ओलांडल्यावरही दुरुस्ती एकदम सर्वांना मिळत नाही. आरंभी शंभरांतील एखाद्याच फोनावर ती पाठवतात, तक्रारी येतात का ते पाहतात, आणि मग हळूहळू हात सैल करतात. चूक राहिलीच असेल तर ती लाखांऐवजी शेकड्यांत सापडावी, हा त्यातला हेतू. म्हणजे विलंबातील काही भाग आळसाचा असला, तरी काही भाग विवेकाचा असतो.

या दुरुस्तीवर अंकगणिती स्वाक्षरी असते. जुन्या मराठी पत्रांच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, ते पत्र येथे संपले, याखाली कोणी अक्षर वाढवू नये, हे सांगण्यासाठी. फोनातील स्वाक्षरीचे काम तेच. मजकुरात एका अक्षराचाही बदल झाला तर फोन ती दुरुस्ती स्वीकारत नाही. बाहेरची आवृत्ती घालायची झाल्यास आधी हे कुलूप काढावे लागते. ते काढताना फोनातील सर्व साठा पुसला जातो, आणि काही चुकले तर फोन उठतच नाही. तरुणांच्या भाषेत त्याची ‘वीट’ होते.

येथवरची कथा परदेशातली वाटेल. पण तिच्यात मराठी माणसाचे काय अडकले होते ते आता सांगतो. ज्या ‘ॲ’ या अक्षराने आपण ‘ॲण्ड्रॉइड’ लिहितो, त्या अक्षराला संगणकाच्या सर्वमान्य वर्णसंचात, म्हणजे युनिकोडमध्ये, स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्येच. पहिला ॲण्ड्रॉइड फोन आणि त्याचे मराठी आद्याक्षर एकाच वर्षाची. परंतु अक्षराला स्थान मिळणे निराळे आणि ते हातातल्या पडद्यावर दिसणे निराळे. २०११ च्या अखेरीस चौथी आवृत्ती येईपर्यंत बहुतेक ॲण्ड्रॉइड फोनांवर मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. कोठे अक्षरे दिसलीच तर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसे आणि जोडाक्षरे फुटलेली असत. लोकांनी वाटा शोधल्या. ‘ऑपेरा मिनी’ या न्याहाळकात एक आडबाजूची सोय होती: ती चालू केली की दूरचा संगणक देवनागरी अक्षरांची चित्रे करून पाठवी, आणि मराठी वृत्तपत्र वाचता येई. काहींनी कुलूप काढून फोनात देवनागरी टंक घातला. काहींनी बाहेरची नवी आवृत्तीच बसवली. यांत बंडखोरीचा भाग थोडा आणि आईचे पत्र वाचण्याची गरज मोठी होती.

पुढे २०१४ च्या नोव्हेंबरात ‘लॉलिपॉप’ ही पाचवी आवृत्ती वितरित होऊ लागली. तिच्यात ज्या १५ भाषा नव्याने दाखल झाल्या, त्यांत मराठी होती. फोनाची सारी सूची मराठीत वाचण्याची अधिकृत सोय झाली. परंतु वर्षभरानंतर, २०१५ च्या नोव्हेंबरात, गूगलच्याच आकडेवारीनुसार जगातील ॲण्ड्रॉइड फोनांपैकी सुमारे चौथ्या हिश्शावरच ती आवृत्ती होती. मराठी आली होती; मराठी माणसाच्या खिशात ती बहुधा पोहोचली नव्हती.

हिंदुस्थानात या विलंबाचा दोष दूरध्वनी कंपन्यांवर सरसकट टाकता येत नाही. आपल्याकडे फोन एका दुकानातून आणि सिमकार्ड दुसऱ्या दुकानातून घेण्याची रीत. त्यामुळे दुरुस्ती धाडावी की नाही, हे मुख्यतः फोन बनवणारा ठरवी, आणि स्वस्त फोन एकदा विकल्यावर त्याच्यावर पुन्हा खर्च करण्यात त्याला स्वारस्य नसे. यावर उपाय म्हणून १५ सप्टेंबर, २०१४ रोजी गूगलने भारतात ‘ॲण्ड्रॉइड वन’ योजना आणली. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस या भारतीय कंपन्यांचे सुमारे ६,३९९ रुपयांपासूनचे फोन, आणि दुरुस्ती थेट गूगलकडून. त्या काळी डेटा महाग होता. शेकडो मेगाबाइटांची दुरुस्ती उतरवून घेणे म्हणजे गरिबाच्या रिचार्जवर घाला. म्हणून एअरटेलचे सिमकार्ड असणाऱ्यांना पहिले सहा महिने ही दुरुस्ती डेटाच्या खर्चाविना देण्याची सोय केली होती. दुरुस्ती मोफत असली तरी तिचे टपालहशील कोणी द्यायचे, हा प्रश्न त्या योजनेने प्रथमच मान्य केला, हे मला महत्त्वाचे वाटते.

त्याच वर्षी एक चमत्कारिक तंटा दिल्ली उच्च न्यायालयात गेला. सायनोजेनमॉडच्या प्रवर्तकांनी एव्हाना कंपनी स्थापन केली होती आणि भारतापुरता तिचा अनन्य करार मायक्रोमॅक्सशी झाला होता. दुसरीकडे वनप्लस कंपनीचा फोन त्याच आज्ञावलीसह डिसेंबर २०१४ मध्ये भारतात आला. न्यायालयाने १६ डिसेंबर रोजी त्या विक्रीस अंतरिम मनाई केली. काही दिवसांतच खंडपीठाने त्या मनाईला स्थगिती दिली. पाच वर्षांपूर्वी जी केवळ हौशी लोकांची पेन्सिलीची दुरुस्ती होती, तिच्या शिक्क्यासाठी आता दोन कंपन्या न्यायालयात भांडत होत्या! शिक्का मिळाल्याने ती चिरंजीव मात्र झाली नाही. सायनोजेन कंपनीने २०१६ च्या अखेरीस आपली सेवा बंद केली. तिचा खुला मजकूर स्वयंसेवकांनी उचलला आणि ‘लिनिएज ओएस’ या नावाने पुढे चालवला.

दूरध्वनी कंपनीनेच फोन आणि त्याची आज्ञावली दोन्ही हाती घेतल्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण म्हणजे २०१७ चा जिओफोन. १,५०० रुपयांच्या परताव्याच्या अनामतीवर तो देऊ केला होता. त्यात चालणारी कायओएस ही आज्ञावली कोठून आली होती? मोझिला संस्थेने ‘फायरफॉक्स ओएस’ नावाची आज्ञावली काढली होती. ती फोनांसाठी पुढे न नेण्याचा निर्णय तिने २०१५ च्या डिसेंबरात जाहीर केला. टाकून दिलेला तो खुला मजकूर स्वयंसेवकांनी जपला, आणि त्याच वंशातून कायओएस निघाली. २०१८ मध्ये त्या साध्या फोनांवर व्हॉट्सॲप आले. हे पाहिले म्हणजे ‘अधिकृत’ आणि ‘बाहेरची’ या दोन जाती जन्माने वेगळ्या नाहीत, हे ध्यानात येते.

श्रोतेहो, काशीत बसून हा विचार करताना मला बापूदेवशास्त्र्यांची आठवण झाली. पुण्यात १८२१ मध्ये जन्मलेला हा मराठी ज्योतिषी काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापक होता. त्या काळी महाराष्ट्रातील पंचांगे गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघव’ या १५२० च्या ग्रंथावरून होत. ज्या-चापांचे किचकट गणित टाळून ग्रह काढण्याची त्याची रीत इतकी सोपी होती, की ती गावोगाव पसरली. पण साडेतीनशे वर्षांत आकाश आणि आकडे यांत अंतर पडले. पुण्यास केरोपंत छत्रे यांनी १८६५ पासून आणि काशीस बापूदेवशास्त्र्यांनी १८७६ पासून नव्या वेधांना जुळणारी पंचांगे काढली. ती कोणा धर्मपीठाची शुद्धिपत्रके नव्हती. गणित खरे असूनही बहुसंख्य घरांनी जुनेच पंचांग भिंतीवर ठेवले. पुढे स्वतंत्र भारतात मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च, १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्यावर तर सरकारचा शिक्का होता. तरीही सण पाहण्यासाठी किती घरांत ते उघडले जाते, हे आपणच आठवून पाहावे.

यावरून मला एवढेच म्हणायचे आहे: दुरुस्ती खरी असणे, ती अधिकृत असणे आणि ती घरी पोहोचणे, या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बाहेरच्या आवृत्तीजवळ पहिली बहुधा असते. कंपनीच्या आवृत्तीजवळ दुसरी असते. तिसरी मात्र कोणाचीच सहज नसते, आणि माणसाचे नुकसान होते ते तेथेच.

२०१५ च्या जुलैमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाचे छिद्र जाहीर झाले, तेव्हा हे साऱ्या जगाला कळले. केवळ एका चित्रसंदेशाने परक्याला फोनात शिरता येईल, असा तो दोष होता आणि सुमारे ९५ कोटी फोन त्याच्या टप्प्यात असल्याचा संशोधकांचा अंदाज होता. दुरुस्ती तयार होती. ती पोहोचवायची कशी, हा पेच होता. त्यानंतर गूगलने दर महिन्याला सुरक्षा-दुरुस्ती काढण्याचा क्रम सुरू केला. २०१७ च्या आठव्या आवृत्तीत चिपेशी बांधलेला भाग आणि वरची आज्ञावली यांची फारकत केली, म्हणजे प्रत्येक वेळी सगळ्या चौक्या पुन्हा ओलांडाव्या लागू नयेत. काही महागड्या फोनांना २०२३ पासून सात वर्षांची हमी मिळू लागली. भारताच्या स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर, २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. फोन बनवणाऱ्यांना ॲण्ड्रॉइडच्या स्वतंत्र शाखा वापरण्यास गूगलच्या करारांनी अटकाव केला, हाही त्यातील एक आक्षेप होता. पुढील मार्चमध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, दंड मात्र कायम ठेवला.

मग गुरुजींच्या फोनाचे काय? पुतण्याचे म्हणणे एका अर्थी खरे होते. बाहेरची आवृत्ती कंपनीच्या तीन वर्षांपूर्वीच्या आवृत्तीहून नवी होती आणि तिच्यात पुष्कळ छिद्रे बुजवलेली होती. पण चिपेचा जो भाग कंपनीने कधी खुला केला नाही, तो तिलाही दुरुस्त करता येत नव्हता. कुलूप काढलेला फोन अनेक बँकांची ॲप्स नाकारतात. आणि ती आवृत्ती खरोखर त्याच स्वयंसेवकांची, की वाटेत कोणी तिच्यात काही मिसळले, हे पारखण्याची विद्या पुतण्याला असली तरी गुरुजींना नव्हती. उद्या पुतण्या नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळूरला गेला, तर पुढची दुरुस्ती कोण करणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे मंदिराच्या पायऱ्यांवर बसलो आणि मी माझे मत सांगितले. “गुरुजी, पैशाचा व्यवहार शिक्क्याच्या फोनावर ठेवा. साधा घ्या, पण किती वर्षे दुरुस्ती मिळेल ते दुकानदाराकडून लिहून घ्या. जुना फोन टाकू नका. वह्यांची छायाचित्रे आधी दोन ठिकाणी उतरवून ठेवा, मग तो पुतण्याच्या हाती द्या.” गुरुजी हसले. “म्हणजे दोन पंचांगे घरात ठेवायची म्हणता?” मी म्हटले, “आपल्या लोकांनी दीडशे वर्षे तेच केले आहे.”

परवा त्यांचा निरोप आला. जुन्या फोनात आता वंशावळीच्या वह्या आहेत आणि तो बाहेरच्या आवृत्तीवर नीट चालतो. दक्षिणा नव्या फोनावर येते. पुतण्याने मात्र एक गोष्ट आपणहून केली आहे: जुन्या फोनात कोणती आवृत्ती, कोठून आणि कोणत्या तारखेस घातली, हे त्याने एका कागदावर लिहून खाली सही केली आणि तो कागद फोनाच्या पाकिटात ठेवला. पेन्सिलीच्या दुरुस्तीखाली कोणीतरी आपले नाव घातलेले मी सरकारी नोकरीत फारसे पाहिलेले नाही. ते मला बालाजी घाटावर पाहायला मिळाले.